सूत्रे लिहिणारे डॉक्टर हवेत

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कोणत्याही बऱ्यापैकी चालणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेले, तर यंत्राशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद टांगलेला आढळतो. आणि काम कोणत्या क्रमाने करावे एवढेच त्यावर लिहिलेले असते असे नव्हे, तर तो कागद कोणी सिद्ध केला, कोणी तपासला, कोणाच्या सहीने मंजूर झाला, ही त्याची कितवी आवृत्ती आणि मागच्या आवृत्तीत कोणत्या तारखेला काय बदलले, याचा तपशीलही त्याच्या तळाशी नोंदलेला असतो. पत्र्याच्या एका ब्रॅकेटसाठी ही दक्षता आहे. त्याच यंत्राखाली ज्याचा हात सापडला तो कामगार ज्या उपचारकक्षात आणला जातो, तेथील भिंतीवरही पुष्कळदा एक कागद डकवलेला असतो, त्याला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात, आणि औषधांची नावे व मात्रा त्यावर ठळक अक्षरांत असतात. परंतु तो कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला आणि तो केव्हा कालबाह्य समजावा, असे विचारले तर उत्तर देऊ शकणारा माणूस सहसा बदली होऊन गेलेला असतो.

या विसंगतीचा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. पदवीच्या साडेपाच आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांत त्यांना उपचारांची मार्गदर्शक सूत्रे वाचायला, पाठ करायला आणि परीक्षेत उतरवायला शिकवले जाते. ती सूत्रे रचावी कशी, हे एक स्वतंत्र शास्त्र असून त्यालाही उमेदवारी लागते, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या कानांवर फार उशिरा पडते, आणि पुष्कळांच्या कधीच पडत नाही. आपल्या रुग्णालयांत चांगल्या डॉक्टरांचा तुटवडा आहे की नाही, हा वेगळा वाद आहे. चांगले सूत्रकार डॉक्टर घडवण्याची सोय नाही, हे मात्र निर्विवाद आहे. आणि ती सोय पिंपरी-चिंचवडने करावी, असे माझे मत आहे.

सूत्ररचना म्हणजे ज्येष्ठांनी एकत्र बसून आपापला अनुभव सांगावा, चहापान व्हावे आणि सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांचे मत मसुद्यात उतरावे, अशी समजूत जगभर दीर्घकाळ होती. जागतिक आरोग्य संघटनाही तिला अपवाद नव्हती. त्या संघटनेच्या शिफारशींमागे पुराव्यांचा पद्धतशीर आढावा क्वचितच घेतला जातो आणि तज्ज्ञांच्या मतावरच मुख्य भिस्त असते, असे दाखवणारा एक लेख २००७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी प्रत्येक मार्गदर्शिका तपासून पाहणारी एक स्थायी समिती संघटनेने जिनिव्हात नेमली. पुराव्याची प्रतवारी कशी करावी यासाठी २००० सालापासून ‘ग्रेड’ नावाची जी पद्धत आकाराला येत होती, तिला अशा ठिकाणी अधिकृत स्थान मिळाले. या पद्धतीत पुराव्यावरील विश्वास उच्च, मध्यम, कमी आणि अत्यल्प अशा चार पायऱ्यांवर मोजतात. शिफारस प्रबळ आहे की सशर्त, हे स्पष्ट नमूद करतात. आणि मुख्य म्हणजे पुरावा कितीही भक्कम असला तरी तो एकटाच निर्णायक मानीत नाहीत, तर लाभ व हानी यांचे पारडे, रुग्णाला काय मोलाचे वाटते, खर्च कोणाच्या अंगावर पडतो, विषमता वाढते की घटते आणि प्रत्यक्षात अंमलबजावणी शक्य आहे काय, या सर्वांचा जाहीर हिशेब द्यावा लागतो. हे वाचायला सोपे आणि करायला अवघड आहे. म्हणूनच कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने मार्गदर्शिकाकारांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या सहकार्याने या कामाचे पायरीपायरीचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र सुरू केले, ज्यात समितीचा साधा सदस्य कसा असावा इथपासून आरंभ होतो.

आपल्याला हे सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी वैद्यांशी कशी चर्चा करावी याचे सविस्तर विवेचन असून, एकमेकांना समजून घेत केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा असे दोन प्रकार तेथे केले आहेत. आपल्या वैद्यकीय परिषदांतून दुसऱ्या प्रकाराचा अभ्यास चांगलाच झालेला दिसतो.

या परिसराचा इतिहास पाहिला तर औषध आणि पुरावा यांच्याशी त्याचे जुने नाते ठळकपणे जाणवते. १९५४ साली पिंपरीच्या माळावर युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला, आणि पेनिसिलिनच्या पाठोपाठ साठच्या दशकात तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. याच स्ट्रेप्टोमायसिनवर ब्रिटनमध्ये झालेली आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ही आधुनिक वैद्यकातील यादृच्छिक चाचण्यांची गंगोत्री मानली जाते: १०७ क्षयरुग्णांपैकी कोणाला औषध द्यावे आणि कोणाला केवळ अंथरुणावर विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद लिफाफ्यांवर सोडले, आणि सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ जणांपैकी ४, तर न घेतलेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले. औषध इतके दुर्मीळ होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते, म्हणून अशी विभागणी नैतिक दृष्ट्याही समर्थनीय ठरली. पुढे मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने घरी राहून घेतलेले औषध सॅनिटोरियमइतकेच गुण देते हे दाखवले आणि क्षयाच्या उपचारांची दिशा साऱ्या जगात बदलली. भारतीय परिस्थितीतून, भारतीय दारिद्र्याच्या अडचणीतून उपजलेला प्रश्न होता तो. श्रीमंत देशांना तो विचारण्याची निकड तितकीशी नव्हती.

अलीकडचे उदाहरण तर भोसरीतलेच आहे. जुन्या ‘नारी’ या नावानेच लोक जिला अजून ओळखतात, ती एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली, आणि नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या ज्या विख्यात चाचणीने एचआयव्हीबाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो हे २०११ साली दाखवले, त्या चाचणीत ही संस्थाही एक केंद्र होती. त्या पुराव्यावर जिनिव्हात २०१२ मध्ये जोडप्यांसाठी सूत्रे झाली, २०१५ मध्ये बाधित आढळलेल्या प्रत्येकाला औषध द्यावे अशी शिफारस झाली आणि २०१७ मध्ये ती भारताने स्वीकारली. पुरावा जमवण्यात आपण सहभागी असतो, रुग्ण आपले असतात, रक्ताचे नमुने आपल्या प्रयोगशाळेत तपासले जातात. मग त्या पुराव्यावरून नियम बांधण्याच्या घडीला मात्र आपण बहुधा ‘वरून येणाऱ्या परिपत्रकाची’ वाट पाहणारे कारकून कसे होतो?

परिपत्रकाची वाट न पाहणारे एक डॉक्टर महाराष्ट्राने पाहिले आहेत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या मुलांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध तेथे प्राण वाचवते हे ओळखले, आणि ‘लॅन्सेट’मध्ये ते लिहिले. हे सर्वांना ठाऊक आहे. पण मला त्यांच्या कार्यातले अधिक मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत केवळ प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस, अशी तुलना होती, आणि लस दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. ज्या उपायाने आपले नाव झाले, त्याच उपायाला अपुरा ठरवू शकेल अशी कसोटी स्वतःच मांडायची आणि निकाल जगापुढे ठेवायचा, ही वृत्ती सूत्रकाराच्या अंगी असावी लागते. बावस्करांच्या अंगी ती उपजत असेल. इतरांत ती शिकवून आणावी लागेल, आणि शिकवून येतेही.

ती नसली म्हणजे काय होते, ते आपण करोनाच्या काळात अनुभवले. बरे झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्मावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली आणि मृत्यू अथवा रोगाची तीव्रता त्याने घटत नाही हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्धही झाला; पण राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक मोबाइलवर अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा असे निरोप फिरत होते, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममध्ये उभारलेल्या जम्बो रुग्णालयाच्या दाराशी नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन उभे होते, आणि जे स्वस्त डेक्सामेथासोन जून २०२० मध्येच ऑक्सिजनवरील रुग्णांचे प्राण वाचवणारे म्हणून सिद्ध झाले होते, त्यासाठी कोणी धावाधाव करीत नव्हते, कारण ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळत होते. नवा नियम करण्याची घाई आपल्याला कळते. जुना नियम मागे घेण्याची रीत मात्र आपण बसवलेली नाही.

आता प्रत्यक्ष या पट्ट्याचा प्रश्न घेऊ. पॉवर प्रेसवर बोट तुटणे ही चाकण, भोसरी, तळवडे येथील लघुउद्योगांतली अपरिचित घटना नव्हे. कल्पना करा, रात्रपाळीत एका कंत्राटी कामगाराची तर्जनी मुळाजवळ तुटली. सुपरवायझर घाबरून तुटलेले बोट थेट बर्फात टाकतो, किंवा पाण्याच्या ग्लासात. वास्तविक ते ओलसर जाळीच्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवायला हवी, कारण बर्फाचा थेट स्पर्श झाल्यास ऊती गोठून निकामी होतात. मग वाहनाचा शोध, पुणे-नाशिक रस्ता, तळेगाव चौकातली कोंडी. थंड ठेवलेले बोट साधारण चोवीस तासांपर्यंत आणि न थंड केलेले बारा तासांपर्यंत जोडण्याजोगे राहते असे शस्त्रक्रियेची पुस्तके सांगतात, म्हणजे चौकातल्या कोंडीवरही मात करता येते. परंतु पहिल्याच दवाखान्यात कोणी टाके घालून जखम बंद केली, तर तो प्रश्न तेथेच निकालात निघतो.

समजा, बोट व्यवस्थित पोहोचले. ते जोडावे की नाही? अंगठा असेल, अनेक बोटे असतील किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर जोडण्याचा प्रयत्न करावा यावर शल्यविशारदांचे बहुतांशी एकमत आहे. एकटी तर्जनी मुळाजवळ तुटली असेल, तर मात्र जोडलेले बोट ताठ राहून हाताच्या आड येण्याची शक्यता असल्याने पुष्कळ जण न जोडण्याच्या बाजूने कौल देतात. यावर यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा नाही. आहेत ते बहुतेक जुन्या नोंदींवरून मागाहून केलेले अभ्यास, तेही सूक्ष्मशल्यक्रियेच्या मोठ्या केंद्रांतले. म्हणजे ग्रेडच्या भाषेत विश्वास कमी किंवा अत्यल्प. अशा ठिकाणी शिफारस सशर्तच असणार, आणि सशर्त शिफारशीचा सारा भार रुग्णाला काय मोलाचे वाटते यावर पडणार. शल्यविशारद बोट जगले की नाही हे मोजतो. कामगार काय मोजील? किती आठवड्यांत कामावर रुजू होता येईल, पाना पकडता येईल काय, थंडीत बोट बधिर पडेल काय, दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत ठेकेदार आपली जागा राखील काय, आणि गावी लग्न ठरायचे असेल तर हात कसा दिसेल, हेही. राज्य कामगार विमा योजनेत नाव नोंदलेले असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने भरपाई मिळते आणि कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवते. ठेकेदाराने नाव नोंदलेलेच नसेल, तर तीन महिन्यांचे उपचार आणि तीन आठवड्यांचे उपचार यांतील निवड ही वैद्यकीय निवड उरतच नाही. अमेरिकेच्या किंवा जपानच्या मार्गदर्शिकेत हे कोठे असणार? आणि ते नसल्यामुळे ती मार्गदर्शिका चुकीची ठरत नाही. चाकणसाठी अपुरी ठरते.

म्हणूनच प्रशिक्षणाचा पहिला धडा पुरावा शोधण्याचा नसून प्रश्न मांडण्याचा असावा: कोणत्या रुग्णासाठी, कोणता उपचार, कोणत्या पर्यायाच्या तुलनेत, आणि कोणते फलित महत्त्वाचे मानून. दुसरा धडा असा की परकीय मार्गदर्शिका जशीच्या तशी घ्यावी, स्थानिक परिस्थितीनुसार वळवावी की पहिल्यापासून नवी रचावी, हे ठरवता यावे. कारण सगळे नव्याने लिहिण्याचा हट्ट हाही एक अपव्ययच आहे, आणि ज्या विषयावर उत्तम सूत्रे तयार आहेत तेथे त्यांवर आपले नाव घालण्याची हौस कोणी भागवू नये. यापुढचे धडे अधिक कडू आहेत. समितीवर बसणाऱ्याने कोणत्या औषध कंपनीच्या खर्चाने कोणत्या परिषदेला हजेरी लावली, कोणाकडून मानधन घेतले, हे लेखी जाहीर करायचे, आणि हितसंबंध थेट असेल त्या मुद्द्यावर मतदानातून बाजूला व्हायचे. औषध कंपन्यांच्या विक्रीव्यवहारासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये संहिता जाहीर केली खरी. पण ती कंपन्यांसाठी आहे, आणि औषध कंपनीच्या विक्रीप्रतिनिधीची बॅग बाहेर ठेवून आत येण्याची सवय डॉक्टरांना स्वतःच लावून घ्यावी लागेल.

एक हरकत नेहमी घेतली जाते, आणि ती घेणारे प्रामाणिक असतात. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिल्यापासून, लेखी नियम म्हणजे वकिलाच्या हाती दिलेले कोलीत, अशी धास्ती डॉक्टरांच्या मनात आहे. तारीख नसलेला, आधार नसलेला, ‘असेच करावे’ अशा हुकमी थाटात लिहिलेला कागद खरोखरच तसे कोलीत ठरेल. ज्यात पुरावा कमी आहे हे मान्य केले आहे, शिफारस सशर्त आहे हे सांगितले आहे आणि कोणत्या परिस्थितीत वेगळा निर्णय योग्य ठरेल याची कारणे दिली आहेत, असा दस्तऐवज मात्र विचारपूर्वक वागलेल्या डॉक्टरच्या बाजूनेच साक्ष देईल.

राहता राहिला प्रश्न कोणी व कसे करायचे याचा. संत तुकारामनगरातले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, जेथे आता पदव्युत्तर शिक्षणही चालते; पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय; मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय; भोसरीची संशोधन संस्था; आणि मोठ्या कारखान्यांतले औद्योगिक आरोग्याचे प्रमाणपत्र घेतलेले वैद्यकीय अधिकारी — इतकी सामग्री काही कोसांच्या परिघात असलेली औद्योगिक वसाहत देशात विरळाच. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो; दरवर्षी प्रत्येक विभागातल्या एका तरी प्रबंधाचा विषय मार्गदर्शिकेसाठी हवा असलेला पुराव्याचा पद्धतशीर आढावा हा असावा, म्हणजे शंभर रुग्णांच्या त्याच त्या नोंदी पुन्हा गोळा करण्यापेक्षा काही उपयोगी हाती लागेल. संख्याशास्त्रज्ञ आणि ग्रंथपाल यांना आभाराच्या शेवटच्या ओळीत न ढकलता समितीवर घ्यावे. विषय निवडायचा तर हाताच्या दुखापती हाच पहिला, त्यामागोमाग रंगकामाच्या विभागातला दमा आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा. हे इथले रोग आहेत आणि त्यांच्यावर इथल्याइतका अनुभव अन्यत्र कोठे मिळणार नाही. प्रत्येक मार्गदर्शिकेला मुदत असावी, आणि मुदत संपल्यावर तिचा फेरविचार होईपर्यंत तिच्यावर ‘तहकूब’ असा शेरा पडावा.

आणि समितीवर कामगार असावा. शेवटच्या बैठकीला सहीपुरता बोलावलेला नव्हे, तर प्रश्न कोणता घ्यायचा हे ठरते त्या पहिल्या बैठकीपासून. ज्याचे बोट जोडले गेले असा एक आणि ज्याचे जोडले गेले नाही असाही एक. बैठक त्यांच्या पाळीच्या वेळेत येत असेल तर त्यांचा रोज बुडू नये, याची तरतूद अंदाजपत्रकाच्या पहिल्याच बाबीत करावी, कारण डॉक्टरांच्या चहापानाची तरतूद करायला कोणी विसरणार नाही.